नुसतं दाखवून या

आमच्या गल्लीत अशी बोलवा होती की यशोधरा सिस्टरच्या जिभेवर काळा तीळ आहे, आणि ती ज्याला ‘सिरीयस’ म्हणते त्याच्या घरच्यांनी बांबू बघायला लागावं. ही बोलवा कुणी उठवली ते मला पक्कं माहीत आहे, पण ती बाई अजून माझ्याकडून विरजण नेते, म्हणून नाव घेत नाही. तिळाचं मात्र मी स्वतः पाहून घेतलं. एका दुपारी तिला म्हटलं, “यशोधरा, जांभळं खाल्लीस का गं? जीभ दाखव बरं.” तिनं पेशंटसारखी आ करून जीभ बाहेर काढली. स्वच्छ गुलाबी जीभ, तीळ नाही की डाग नाही. वर मलाच म्हणाली, “झालं समाधान? आता तुमची काढा काकू. तिला हाड आहे का ते एकदा बघून घेते.”

राहिला ‘सिरीयस’ हा शब्द. ज्या बाईच्या नावावर तो खपवला जायचा, तिनं गावात आल्यापासून तो एकदाही तोंडातून काढला नव्हता. काढून चालणारच नव्हतं. आमच्याकडे बाहेर मेलेलं माणूस घरात घेत नाहीत. अंगणात ठेवायचं, तिथंच आंघोळ, तिथूनच उचलायचं. स्वतः बांधलेल्या घरात शेवटी उंबऱ्याच्या आत जागा नाही, ही केवढी नामुष्की! त्यामुळे दवाखान्यात कुणी ‘सिरीयस’ म्हटलं रे म्हटलं की घरची पुरुषमाणसं सलाईनची सुई काढायला सांगतात, लेकीबाळींना निरोप धाडतात आणि पेशंटला उचलून घरी आणतात. घरी आणलेला पेशंट मग आपला मरतो. रिवाजाला नावं कोण ठेवणार? सिस्टर परगावची, तिला ठेवली.

परगावची म्हणजे अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या डोंगरातली. भातावर वाढलेली. आमचा पाथर्डी तालुका बघून तिनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, “काकू, इथं झाडं कुठं ठेवलीत?” तिचे वडील लोकांच्या खाचरात लावणीला जायचे. बाबासाहेबांच्या मागे धम्मात आलेली ती माणसं. पोरीचं नाव हौसेनं यशोधरा ठेवलं आणि त्याहून मोठी हौस करून तिला नगरला नर्सिंगला घातलं. नवरा उत्तमराव सुप्याच्या कारखान्यात मशीनवर. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जायचा. मी म्हणायची, “तुझा नवरा म्हणजे आठवड्याचा बाजार गं.” ती म्हणायची, “तुमचा रोजचा आहे, म्हणून काय भाव चढलाय का?”

तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. गल्लीतल्या म्हाताऱ्या तिच्या हातून सुई घ्यायच्या, गोळी घ्यायच्या, पण गोळीवरचं पाणी मात्र आपल्या तांब्यातलं. तिला ते कळायचं. “पाणी तुमचंच घ्या आजी,” म्हणायची, “फक्त तांब्या घासलेला असू द्या.” म्हातारी लाल व्हायची आणि दुसऱ्या दिवशी परत गुडघे घेऊन दारात हजर.

आता तिच्या कामाचं सांगते. गावात सरकारी दवाखाना होता, एक लांब वॉर्ड, एक तरुण डॉक्टर आणि ही. छातीचे पेशंट फार यायचे. डॉक्टर प्रशांत नळी लावून छाती ऐकायचे, बोटांची नखं बघायचे, श्वास मोजायचे. तेच सगळं यशोधरा करायची, पण गप्पा मारता मारता. कारण मोजतंय म्हटलं की माणूस घाबरून आणखी धापा टाकतो. शेतकऱ्याला ती बैलांची नावं विचारायची, बाईला माहेरची माणसं मोजायला लावायची, आणि वाक्य कुठं तुटतं तिकडे कान ठेवायची. एका दमात सगळं माहेर सांगून झालं तर बाई बरी. भावांपाशी दम लागला तर खाट आपल्या टेबलाजवळ ओढून घ्यायची. आईच्या नावालाच श्वास तुटला, तर मात्र ती बाहेर यायची आणि नातेवाइकांना अगदी सहज, पदर सावरत सांगायची, “तसं काही नाही. नगरच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा नुसतं दाखवून या.”

नगरला मोठा दवाखाना. तिथं भिंतीतून ऑक्सिजन यायचा म्हणतात. आमच्याकडे एक सिलिंडर, तो संपला की रिकामा नगरला जायचा आणि भरून यायचा. ‘नुसतं दाखवून या’ म्हटलं की लोक घाबरायचे नाहीत. नुसतं दाखवायचं तर आहे! जीप करायचे, जायचे, आणि तिथले डॉक्टर काय ते भरती करून घ्यायचे. या एका थापेवर यशोधरानं किती छात्या नगरला पोचवल्या याचा हिशेब तिनं ठेवला नाही, मी तर हिशेबात आधीपासूनच कच्ची.

आणि ही जीप कुणाची, तर श्रीमंतची.

श्रीमंत आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. नाव सोडलं तर श्रीमंतीचा आणि त्याचा संबंध नव्हता; एक जुनी काळी-पिवळी, बायको मनकर्णा आणि थोरला भाऊ सहादेव, एवढंच त्याचं ऐश्वर्य. स्टँडवर उभा राहून तो ओरडायचा, “तिसगाव-करंजी-मेहेकरी-भिंगार-नग्गर!” सगळं एका दमात, आणि शेवटच्या नगरला अशी हिसडी द्यायचा की झोपलेली कुत्री उठायची. दवाखान्याला स्वतःची गाडी नव्हती, तेव्हा पेशंट न्यायचे ते त्यानंच. आणि नगरला कुणी दगावलं की मढं आणायला दुसरा जीपवाला तयार व्हायचा नाही, तेही त्यानंच आणायचं. “माझी गाडी सोवळी न्हाई,” म्हणायचा. “जित्याला बी तेच शीट, मेल्याला बी तेच.”

शहाण्णवच्या जानेवारीत त्याला पडसं झालं. आधी नाक, मग घसा, मग खोकला. गल्लीत तेव्हा घरोघर तेच होतं. मी स्वतः आठ दिवस नाकाला पदर लावून लोकांच्या चौकशा करत होते. बाकीच्यांचं उतरलं, श्रीमंतचं छातीत गेलं. दवाखान्याच्या गोळ्यांनीही ताप हटेना, तेव्हा मनकर्णानं त्याला दवाखान्यात आणून टाकलं आणि जाता जाता मला हाक मारली. असल्या हाकेला मी नाही म्हणत नाही.

डॉक्टर प्रशांत म्हणाले, न्यूमोनिया आहे, पण औषधाला दाद देत नाही त्या अर्थी एखाद्या विषाणूचा असावा. मी म्हटलं, “कसला विषाणू?” ते म्हणाले, “काकू, सर्दीच्या विषाणूंची बरीच घराणी आहेत. एकाच्या अंगावर मुकुटासारखे काटे असतात म्हणून त्याला मुकुटाचंच नाव दिलंय. तो बहुतेकांना शिंकांवर सोडतो. असेल त्यातलाच एखादा किंवा दुसराच कुणी. इथं तपासायची सोय नाही.” मी मनकर्णाला समजावलं, “तुझ्या नवऱ्याच्या छातीत राजा उतरलाय.” ती हसली. तेव्हा हसण्यासारखं होतं अजून.

यशोधरा खाटेजवळ गेली. “काय श्रीमंतभाऊ, आज स्टँडवर आवाज नाही. गाडी नगरला जाते का नाही?”

“जाती की.”

“मग म्हणा बघू.”

तो उठून बसला आणि उगाच ऐटीत म्हणाला, “तिसगाव-करंजी-मेहेकरी...” तिथं श्वास संपला. दम घेऊन भिंगार म्हणाला, नगर म्हणाला.

“मेहेकरीला पंक्चर झाली वाटतं,” ती म्हणाली. वॉर्डात सगळे हसले. तिनं खाट टेबलाजवळ ओढली आणि सिलिंडरची नळी त्याच्या नाकाला लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर श्रीमंतच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या आणि ओठांवर शाईसारखी छटा होती. यशोधरानं विचारलं, “गाडी?” तो म्हणाला, “तिस... गाव.” बस. करंजीसुद्धा नाही. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं. दोघांनाही सारखंच कळलं होतं, फरक एवढाच की सांगायचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडे आलं.

सहादेव दारात बिडी विझवत उभा होता. ती पदर सावरत त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, “तसं काही नाही सहादेवभाऊ. नगरच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा नुसतं दाखवून या.”

खाटेवरून खर्रकन आवाज आला. मला वाटलं खोकला. तो हसत होता.

“मला... व्हय... सिस्टर?” श्रीमंत म्हणाला. “मला... बी... नुसतं?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि यशोधराच्या तोंडावरचा गेला. साऱ्या तालुक्यात ही थाप एकाच माणसाला लागू पडणार नव्हती, आणि तो माणूस तिच्यासमोर पडला होता. ‘नुसतं दाखवायला’ निघालेले सगळे ह्याच्याच जीपमध्ये बसले होते. आरशातून मागं बघत ह्यानंच त्यांना नेलं होतं.

“दादा,” तो सहादेवला म्हणाला, “घरी... चल.”

सहादेवनं यशोधराला विचारलं, “काय म्हनतोय ह्यो? सिस्टर, मला खरं सांगा. काय हाय त्ये सांगा.”

या वेळी तिनं पदर सावरला नाही. मग म्हणाली, “सिरीयस आहे.”

पहिल्यांदा ऐकला मी तो शब्द तिच्या तोंडून. मनकर्णानं तिथंच खाली बसून गळा काढला.

“ऐका,” यशोधरा मोठ्यानं म्हणाली, “रडू नका, ऐका. सिरीयस आहे म्हणूनच नगरला न्यायचं. हा सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरणार नाही. तिथं हवा आहे. आत्ता निघालात तर आशा आहे.”

“वाचंल का?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“म्हंजी तुमाला बी म्हाईत न्हाई.”

“घरी नेलंत तर काय होईल ते माहीत आहे.”

सहादेव भावाकडे वळला. श्रीमंतनं हात हलवला, नको म्हणून, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलला. “मी... नेली... लई. माघारी... आनली... मढीच. जितं... एक बी... न्हाई... आनलं.”

हे ऐकून वॉर्डात ज्या माना हलल्या त्या मला आवडल्या नाहीत, कारण सगळ्यांना पटलं होतं. मलाही पटलं. माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगत होता. नगरला गाडीभर जातात आणि तिरडीनं येतात, हे ह्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

यशोधरा एकदम त्याच्या खाटेवर बसली. “श्रीमंतभाऊ, अहो, जे बरे झाले ते तुमच्या जीपनं कशाला येतील? ते एस.टी.नं आले! बरं झालेलं माणूस स्पेशल गाडी करतं का? पिशवी घेतात, एस.टी.त बसतात, वेशीपाशी उतरतात. तुमच्या वाट्याला फक्त मेलेलेच आले. जिते तुम्ही बघितलेच नाहीत!”

मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला तिच्या पायाची धूळ कपाळाला लावावीशी वाटली. इतकं साधं, आणि आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सहादेवच्या कपाळावरची आठी हलली. म्हणाला, “कोन आलंय जितं? नाव सांगा. मी आत्ता जाऊन बघतो.”

“छगन,” ती म्हणाली. “गेल्या उन्हाळ्यात नेला होता, ओठ ह्यांच्यासारखेच काळे पडले होते.”

“छगन तोडीला गेलाय.”

“मळ्यातली भागिरथीबाई.”

“ती बी तोडीला. सून, लेक, समदं घर.”

“वेशीजवळचा गोरक्षनाथ.”

सहादेवनं नुसती मान हलवली, तोही तोडीलाच. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव कारखान्यांकडे ऊस तोडायला जातं, ते ऐन उन्हाळ्यात माघारी येतं. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे. आणि माघारी आल्यावर छाती भरायची ती नेमकी त्यांचीच. पहाटेच्या गारठ्यात, पाचटाच्या धुळीत ज्यांनी फुप्फुसं झिजवली तीच माणसं ना! म्हणजे यशोधरानं नगरहून जिती माघारी मिळवलेली माणसं जानेवारीत एकजात गावाबाहेर होती. तोडीला न जाणारा एक पोस्टमन होता, त्याची बदली झालेली. आणखी एक म्हातारबाबा होते, ते नगरहून बरे होऊन आले आणि पुढच्याच वर्षी विंचू चावून गेले. आता त्यांना कुठून आणायचं?

मला राहवेना. मी पुढं होऊन म्हटलं, “अरे सहादेवा, मी आले की नगरच्या दवाखान्यातून जिती! माझ्याकडे बघ.”

“काकू,” सहादेव म्हणाला, “तुमी दाढ काढाया गेल्ता.”

कुणी हसलं नाही. माझी बत्तिशी गावात कधी वाया जात नाही, तेव्हा गेली.

सहादेव बैलगाडी आणायला निघाला, तशी यशोधरा त्याच्यामागं पार फाटकापर्यंत गेली. मी मागून ऐकत होते. ती म्हणत होती, मी स्वतः बरोबर येते, सिलिंडर गाडीत घालू, डॉक्टर फोन लावून ठेवतील. सहादेव म्हणत होता, गाडी चालवील कोण, चालवणारा तर हा पडलाय. ती म्हणाली, स्टँडवर दुसरे जीपवाले आहेत. तो म्हणाला, वाटेत काही झालं तर ते रस्त्यात उतरवून देतील, तेव्हा त्याला घेऊन मी कुठं बसू? करंजीच्या घाटात? ते खरं होतं. शेवटी ती म्हणाली, “तुमचा भाऊ आहे. माझा असता तर मी नेला असता.”

“तुमचं येगळं हाय,” सहादेव म्हणाला.

तिचं वेगळं म्हणजे काय ते त्यानं फोडून सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

श्रीमंतला बैलगाडीतून घरी आणलं. ओसरीत नको, आतल्या खोलीत निजवला, उंबऱ्याच्या चांगला आत. बहिणींना निरोप गेले. यशोधरा ड्युटी संपल्यावर दवाखान्याची पांढरी साडी न बदलता तिथं आली, सुई दिली, उशा लावून त्याला बसता केला, बायकांना खिडकीतून बाजूला सारलं. पाण्याचा तांब्या मनकर्णानं स्वतः तिच्या हातात दिला. सोवळ्याला सवड नव्हती तेव्हा.

श्रीमंतनं तिला जवळ बोलावलं. मी भिंतीला लागून होते म्हणून ऐकू आलं. म्हणाला, “सिस्टर... तुमी... खोटं... चांगलं... बोलता.” तिनं त्याचं तोंड पुसलं. मग ती उशाशी बसून राहिली, हात त्याच्या पोटावर, पोट वर-खाली होईल तसे डोळे हलवत. मोजून आता काय करणार होती कुणास ठाऊक. तिच्याजवळ तेवढंच होतं.

तो गेला तो दोन्ही बहिणी पोचल्यावर. सगळं रीतसर झालं. घरातून उचलला, दारात ठेवावा लागला नाही. माणसं सहादेवला म्हणाली, भाऊ असावा तर असा. आणि त्याच तोंडांनी नळावर म्हणाली, सिस्टर ‘सिरीयस’ म्हणाली आणि बघा. काळा तीळ तेव्हापासून जास्तच काळा झाला. मी जीभ बघितल्याचं चारचौघांत सांगितलं, तर बायका मलाच म्हणाल्या, तुमचं काय खरं धरायचं काकू. हेही बरोबरच आहे म्हणा.

यशोधरा पुढंही रोज दवाखान्यात जात राहिली. पेशंटशी बोलायची, पण पूर्वीची चेष्टा आटली. एका बाईला माहेर मोजायला लावलं आणि मधेच स्वतःच उठून गेली. मी विचारलं, आता नातेवाइकांना काय सांगतेस? म्हणाली, “जे तोंडाला येईल ते. खरं काय, खोटं काय, दोन्हीनं सारखेच मरतात.” उत्तमरावला म्हटलं, हिला सुप्याला घेऊन जा. तो म्हणाला, बदलीचा अर्ज टाकलाय. तो अर्ज कुठं तरी आहे म्हणतात.

एप्रिलच्या मध्याला तोडीची माणसं माघारी आली. ट्रक वेशीपाशी थांबले, बोचकी, शेळ्या, कोयते, पोरं खाली उतरली. मी दारातच होते. यशोधरा ड्युटीवर निघालेली, आणि सहादेव भावाच्या बंद जीपवरची धूळ फडक्यानं झटकत होता. चालवायला काही शिकला नाही तो, झटकायचा मात्र रोज. छगन खांद्यावर पेटी घेऊन समोरून आला, चांगला खणखणीत, आणि लांबूनच ओरडला, “अय श्रीमंत! नगरची गाडी कवा?” त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्याच्यामागून भागिरथीबाई डोक्यावर बोचकं घेऊन आली, तिच्यामागं गोरक्षनाथ. कुणाला धाप नाही, काही नाही.

सहादेव फडकं हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग यशोधराकडे वळला. आवाज चढला त्याचा. म्हणाला, “ही समदी जिती हायती. मग तवा का न्हाई दाखवली, सिस्टर? तवा एक जरी मानूस समोर उभा केला असता, तर मी नेला असता माझा भाऊ.”

छगन पेटी खाली ठेवून जागीच थांबला. यशोधरानं पर्स खांद्यावर सारखी केली आणि म्हणाली, “ह्यांना बघायला कोल्हापूरला जावं लागलं असतं सहादेवभाऊ. नगर जवळ होतं.”